पेट्रोलच्या कांट्याची साक्ष



ज्या गोष्टी आपल्या डोळ्यांस प्रत्यक्ष दिसत नाहींत, त्यांविषयीं आपणांस कोणाच्या तरी साक्षीवर विसंबावें लागतें. अंगांत ताप किती आहे हें थर्मामीटर सांगतो. खोल विहिरींत पाणी किती आहे हें पोहऱ्याची दोरी सांगते. आणि मोटारगाडीच्या टाकींत पेट्रोल किती उरलें आहे हें चालकासमोरच्या डॅशबोर्डावरील एक लहानसा कांटा सांगतो. साक्षीदार सत्यवचनी असेल तोंपर्यंत सर्व ठीक चालतें. परंतु साक्षीदार म्हातारा झाला आणि आपल्या मर्जीस येईल तसें सांगूं लागला, तर काय करावें? त्याला घालवून द्यावें, कीं त्याच्या बोलण्यांतील खरेंखोटें पारखण्यास आपण शिकावें? जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या कांट्याच्या निमित्तानें याच प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

हा विषय केवळ शोकी लोकांच्या करमणुकीचा आहे असें कोणी समजूं नये. जिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें ती ॲम्बॅसेडर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून कायमची निघून गेली ती प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप, अशा गाड्या आजही कित्येक घरांत जपून ठेवलेल्या आढळतात, आणि लग्नकार्यास किंवा प्रवासास बाहेरही काढल्या जातात. अशी गाडी दिवसाढवळ्या बाजारांत बंद पडली तर फार तर चार लोक हंसतील. पण तीच रात्रीच्या वेळीं घाटाच्या वळणावर, पाठीमागून मालमोटारी येत असतां, किंवा एखाद्या आजारी माणसाला इस्पितळांत नेत असतां बंद पडली, तर ती हंसण्याची गोष्ट राहत नाहीं. कांट्यानें पाव टाकी दाखविली होती एवढें सांगून त्या प्रसंगाचें निवारण होत नाहीं.

प्रारंभीं हें लक्षांत घ्यावें कीं, पहिल्या मोटारींना असा कांटा बहुधा नसेच. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही सुप्रसिद्ध गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती. तिच्या बहुतेक नमुन्यांत पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. बैठक उचलावयाची, टाकीचें झांकण काढावयाचें आणि आंत एक काठी बुडवून ती किती ओली झाली हें पाहावयाचें, अशी मोजण्याची रीत होती. त्या गाडींत पेट्रोल केवळ आपल्या वजनानें टाकींतून इंजिनाकडे उतरत असे. त्यामुळें टाकी जवळजवळ रिकामी असतां उभ्या चढावर इंजिनाला पेट्रोल मिळेनासें होई, आणि चालकास गाडी उलटी फिरवून मागच्या मागें चढ चढावा लागे! जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल गाडींतही १९६१ सालापर्यंत पेट्रोलचा कांटा नव्हता. चालकाच्या पायाजवळ एक कळ असे. इंजिन आचके देऊं लागलें कीं ती कळ फिरवावयाची, म्हणजे राखून ठेवलेलें सुमारें ५ लिटर पेट्रोल चालू होई. ज्यांच्या वडिलांनीं जुन्या स्कूटरवर ‘रिझर्व्ह’ची कळ फिरविली आहे, त्यांना ही युक्ति नव्यानें समजावून सांगावयास नको. त्या काळच्या चालकांना कांट्याचें साहाय्य नव्हतें. परंतु तो नव्हता म्हणूनच ते आपला हिशेब आपण ठेवीत.

आतां विजेवर चालणारा कांटा कसें काम करितो तें पाहूं. टाकीच्या आंत एक पोकळ, हलकी डबी पेट्रोलवर तरंगत असते. तिला फ्लोट म्हणतात. ती एका तारेच्या दांडीच्या टोकाला बसविलेली असते. पेट्रोल वाढलें कीं फ्लोट वर येतो, आटलें कीं खालीं जातो. दांडीच्या दुसऱ्या टोकाशीं एक लहानशी पट्टी असून ती बारीक तारेच्या वेटोळ्यांवरून सरकत असते. ती कोठें टेकली आहे यावरून विजेच्या प्रवाहास कमीअधिक लांबीची तार ओलांडावी लागते, आणि त्या मानानें विद्युत्‌-रोध बदलतो. या सर्व जोडणीस कारागीर ‘टँक युनिट’ म्हणतात. तेथून एक तार डॅशबोर्डापर्यंत येते, आणि रोध जसा बदलेल तसा तेथील कांटा हालतो. म्हणजे कांटा पेट्रोल पाहत नाहीं. पेट्रोलनें फ्लोटला, फ्लोटनें दांडीला, दांडीनें पट्टीला, पट्टीनें विजेला आणि विजेनें कांट्याला सांगितलेली ती गोष्ट असते. जी बातमी पांच तोंडांतून फिरून येते ती कितपत विश्वासार्ह असते, हें खेड्यांत वाढलेल्या कोणासही सांगावें लागत नाहीं!

यंत्र नवें आणि निर्दोष असलें तरीही ही साक्ष कांहीं अंशीं अपुरी असते. याचें पहिलें कारण टाकीचा आकार होय. फ्लोट उंची मोजतो, लिटर मोजत नाहीं. टाकी जर तळाशीं अरुंद व वर रुंद असेल, तर वरच्या चार बोटें उंचींत जितकें पेट्रोल मावतें तितकें खालच्या चार बोटांत मावत नाहीं. दुसरें कारण चढउतार. परातींत पाणी घेऊन ती किंचित् कलती करा. पाणी तितकेंच राहतें, पण एका कांठाशीं खोल व दुसऱ्या कांठाशीं उथळ होतें. घाट चढतांना टाकींतही तसेंच होतें, आणि फ्लोट कोणत्या बाजूस आहे त्याप्रमाणें कांटा जास्त किंवा कमी दाखवितो. म्हणून कांटा वाचावयाचा तो गाडी सपाट जमिनीवर उभी करून, आणि पेट्रोलचें हिंदकळणें थांबल्यावरच वाचावा. तिसरी गोष्ट अशी कीं, पुष्कळ कारखानदार कांटा शून्यावर आला तरी टाकींत थोडें पेट्रोल शिल्लक राहील अशीच योजना करितात. ही त्यांची सावधगिरी होय. पण ती शिल्लक किती हें गाडीगणिक वेगळें असतें.

याशिवाय वार्धक्यामुळें येणारे दोष आहेत. त्यांपैकीं मुख्य असे:

पहिला दोष फ्लोटचा. पितळी फ्लोटचा डाक सुटला म्हणजे आंत पेट्रोल शिरतें आणि फ्लोट बुडतो. मग टाकी तुडुंब भरली तरी कांटा शून्यावरच बसून राहतो. फार जुन्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचे फ्लोट असत व त्यांवर लाखेचा लेप देत. लाख मद्यार्कांत विरघळते. आणि हल्लीं आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्यें इथेनॉल नामक मद्यार्क मिसळलेलें असतें. तेव्हां असा फ्लोट अद्याप कोणाच्या गाडींत असेल तर तो आधीं तपासून घ्यावा.

दुसरा दोष ‘अर्थिंग’चा. विजेचा प्रवाह टँक युनिटपर्यंत आल्यावर त्याला टाकीच्या व गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडांतून परत जावयाचें असतें. तेथें गंज चढला, किंवा दुरुस्तींत कोणीं रंगाचा जाड थर दिला, तर प्रवाहाची वाट अडते. याचा परिणाम मात्र सर्व गाड्यांत सारखा होत नाहीं. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असतां रोध सुमारें ७३ ओहम व भरलेली असतां सुमारें १० ओहम असे. म्हणून तेथें वाट अडली कीं कांटा रिकामी टाकी दाखवितो. उलट जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीस सुमारें ० व भरलेलीस सुमारें ९० ओहम असा क्रम होता. तेथें वाट अडली कीं कांटा टाकी भरल्याचें दाखवितो. रिकामी नसतां रिकामी म्हणणारा कांटा त्रासदायक खरा, पण रिकामी असतां भरलेली म्हणणारा कांटा घातक होय.

तिसरा दोष पट्टी व तार झिजण्याचा. वर्षानुवर्षें घासून तारेचीं कांहीं वेटोळीं झिजतात किंवा तुटतात. मग पेट्रोल ठराविक पातळीवर आलें कीं कांटा एकदम उडी मारितो, आणि पुढें गेल्यावर पुन्हां नीट चालूं लागतो.

चौथा दोष दांडी वांकण्याचा. टाकी साफ करतांना किंवा टँक युनिट परत बसवितांना दांडीला धक्का लागला, तर कांटा नेहमींच थोडा पुढें किंवा थोडा मागें दाखवूं लागतो.

पांचवा दोष डॅशबोर्डाजवळचा. कांहीं गाड्यांत कांटा तापणाऱ्या जोडधातूच्या पट्टीनें हालतो, आणि त्याला समान दाबाची वीज मिळावी म्हणून मध्यें एक व्होल्टेज स्टॅबिलायझर बसविलेला असतो. तो बिघडला तर पेट्रोलचा कांटा आणि इंजिनाच्या उष्णतेचा कांटा हे दोन्ही एकाच वेळीं एकाच दिशेस चुकूं लागतात. दोन साक्षीदार एकाच तऱ्हेनें चुकत असले, तर दोघांना सांगणारा कोणी एकच आहे असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. चुका दोन प्रकारच्या असतात: नियमित आणि अनियमित. एखाद्या घरांतील घड्याळ रोज दहा मिनिटें पुढें असतें. घरांतील सर्वांना तें ठाऊक असतें. म्हणून त्या घड्याळामुळें कोणाची आगगाडी चुकत नाहीं. परंतु जें घड्याळ आज दहा मिनिटें पुढें, उद्यां सात मिनिटें मागें आणि परवां बरोबर असतें, तें भिंतीवर नसलेलें बरें. पेट्रोलच्या कांट्याचेंही तसेंच आहे. दांडी वांकल्यामुळें किंवा टाकीच्या आकारामुळें होणारी चूक नियमित असते. ती मोजून, लिहून ठेवून, तिच्यासह गाडी सुखानें चालवितां येते. तार झिजल्यामुळें किंवा अर्थिंग सैल झाल्यामुळें होणारी चूक अनियमित असते. तिला दुरुस्ती हाच उपाय. म्हणून प्रथम शोधून काढावयाचें तें हें कीं, आपला कांटा कोणत्या प्रकारें चुकतो.

यासाठीं कांट्याची परीक्षा घ्यावी. गाडीच्या माहितीपुस्तकांतून टाकी किती लिटरची आहे तें पाहून घ्यावें. कांटा शून्याच्या जवळ आला म्हणजे पेट्रोल पंपावर जावें, इंजिन बंद करावें, आणि एका वेळीं बरोबर ५ लिटर पेट्रोल घ्यावें. झांकण लावल्यावर गाडी पंपापासून बाजूला सपाट जागीं न्यावी, कांटा स्थिर होऊं द्यावा, आणि त्याची जागा वहींत टिपून घ्यावी. असें टाकी भरेपर्यंत करावें. एकाच दिवशीं जमत नसेल तर पंपावर गर्दी नसेल अशा वेळीं करावें. पंपाच्या मापाविषयीं शंका आली तर तेथें सरकारी शिक्क्याचें ५ लिटरचें माप ठेवलेलें असतें. त्यानें मोजून दाखवा असें म्हणण्याचा ग्राहकास अधिकार आहे. म्हणजे पाहा, पंपाच्या आंकड्यालाही वर आणखी एक साक्षीदार नेमलेला आहे!

या टिपणाचा उपयोग कसा होतो हें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. समजा, टाकी ४० लिटरची आहे. कांटा शून्यावर असतांना भरण्यास सुरुवात केली आणि एकंदर ३६ लिटर मावलें. म्हणजे शून्यावर असतां टाकींत ४ लिटर शिल्लक होतें. १५ लिटर घातल्यावर, म्हणजे टाकींत १९ लिटर झाल्यावर, कांटा अर्ध्यावर आला. आणि ३० लिटर घातल्यावर, म्हणजे ३४ लिटरांवरच, तो ‘भरली’ या खुणेस टेकला. पुढच्या ६ लिटरांना तो जागचा हालला नाहीं. आतां ही गाडी एका लिटरांत १० किलोमीटर जाते असें धरूं. पूर्ण भरलेल्या टाकीपासून कांटा अर्ध्यावर येईपर्यंत २१ लिटर जळेल आणि गाडी २१० किलोमीटर जाईल. भोळा चालक म्हणेल, “अर्ध्या टाकींत २१० गेलों, उरलेल्या अर्धींत आणखी २१० जाऊं.” पण टाकींत उरलें आहे १९ लिटर, आणि तें १९० किलोमीटर पुरेल. म्हणजे तो आपल्या मुक्कामाच्या २० किलोमीटर अलीकडे रस्त्यांत उभा राहील. येथें कांटा बिघडलेला नव्हता. त्याची भाषा चालकानें समजून घेतली नव्हती, इतकेंच.

हें टिपण एका जाड कागदावर लिहून डॅशबोर्डाच्या खणांत ठेवावें. दोन-तीन महिन्यांनीं तीच परीक्षा पुन्हां घ्यावी. दोन्ही वेळचे आंकडे जुळले तर चूक नियमित आहे, आणि कांटा दुरुस्त न करितांही विश्वासास पात्र झाला आहे. आंकडे जुळले नाहींत तर गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी. त्यानें प्रथम तारांचे सांधे व अर्थिंग साफ करावें, मग टँक युनिट बाहेर काढून फ्लोट, दांडी व पट्टी पाहावी, आणि सर्वांत शेवटीं डॅशबोर्डावरील कांट्यास हात लावावा. पुष्कळदां नवा कांटा विकत घेतल्यावर कळतें कीं दोष एका गंजलेल्या स्क्रूचा होता. टँक युनिट काढण्याचें काम विद्यार्थ्यांनीं घरीं मुळींच करूं नये. उघड्या टाकींतून निघणारी पेट्रोलची वाफ एका ठिणगीनेंही पेट घेते.

कांट्याच्या जोडीला दुसरा साक्षीदार ठेवणें हें सर्वांत उत्तम, आणि तो म्हणजे किलोमीटर मोजणारें यंत्र. टाकी पूर्ण भरावी, तेव्हांचा किलोमीटरचा आंकडा लिहावा, आणि पुढच्या वेळीं पूर्ण भरतांना किती लिटर मावलें तें पाहावें. गाडी ३०० किलोमीटर गेली आणि ३० लिटर मावलें, तर एका लिटरास १० किलोमीटर पडले. असें तीन-चार वेळां करून जो सर्वांत कमी आंकडा येईल तोच हिशेबाला धरावा; कारण घाटांत, गर्दींत, किंवा गाडी माणसांनीं भरलेली असतां पेट्रोल जास्त जळतें. मग ४० लिटरांपैकीं ८ लिटर टाकींत नाहींतच असें मनाशीं समजून, ३२ लिटरांचे ३२० किलोमीटर एवढीच आपली मर्यादा मानावी. किलोमीटरच्या यंत्रावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. टायर झिजले किंवा वेगळ्या मापाचे घातले तर त्याचाही आंकडा चुकतो. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड पाहून तो पडताळून घ्यावा.

तिसरा साक्षीदार म्हणजे आपली जुनी काठी. जीपसारख्या ज्या गाडींत टाकी चालकाच्या बैठकीखालींच आहे आणि नळी सरळ आहे, तेथें स्वच्छ कोरड्या लाकडी पट्टीवर दर ५ लिटरांची खूण करून ठेवितां येते. नळी वांकडी असेल तेथें ही युक्ति चालत नाहीं. काठीनें मोजतांना इंजिन बंद व थंड असावें, जवळ विडी, दिवा किंवा काडी नसावी, आणि आंत पाहण्यासाठीं कोणीं कधींही ज्योत नेऊं नये. टाकींत किती आहे हें पाहण्यासाठीं काडी ओढणाऱ्या शहाण्याची गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. पण तिचा शेवट विनोदी नसतो.

पालकमंडळींनीं एक साधा नियम पाळला तर वरील पुष्कळसा त्रास वांचेल: कांटा पावावर आला कीं तो शून्यावरच आला असें समजावें, आणि घाट किंवा रात्रीचा प्रवास पुढें असेल तर अर्ध्यावरच पेट्रोल भरावें. टाकी अर्धी भरलेली ठेवण्यास रिकामी ठेवण्यापेक्षां कांहीं जास्त खर्च येत नाहीं. पेट्रोल आज घेतलें काय आणि उद्यां घेतलें काय, जळावयाचें तितकेंच जळतें. गाडी बंद पडलीच तर ती रस्त्याच्या कडेस घ्यावी, धोक्याचे दिवे लावावे, आणि मुलांना गाडींतून उतरवून वाहनांच्या वाटेपासून दूर सुरक्षित जागीं उभें करावें.

विद्यार्थ्यांना यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. घरीं जुनी गाडी असेल तर वडिलांबरोबर पंपावर जाऊन तुम्ही वही घेऊन उभे राहा. आडव्या रेघेवर लिटर आणि उभ्या रेघेवर कांट्याची जागा मांडून आलेख काढा. तो सरळ आला तर टाकी सरळ आहे. वांकडा आला तर टाकी न उघडतां तिच्या आकाराचा तुम्हांस अंदाज येईल. वर्गांत शिकलेला रोधाचा नियम, घनफळ आणि आलेख हीं तिन्हीं त्या एका पानावर एकत्र आलेलीं दिसतील.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टान्त तुम्हांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. दिवे सर्वांजवळ होते, आणि वराची वाट पाहतां पाहतां झोंपही सर्वांनाच लागली. भेद इतकाच होता कीं, पांचजणींनीं भांड्यांत वेगळें तेल आणलें होतें, आणि पांचजणींनीं दिवा जळत आहे एवढ्यावरच समाधान मानलें होतें. वेळ कोणती येईल हें कोणासच ठाऊक नव्हतें. परंतु आपल्याजवळ तेल किती आहे हें मात्र प्रत्येकीला पाहतां आलें असतें. जुना कांटा आपल्याला तोच धडा देतो. साक्षीदार चुकतो म्हणून निराश होऊं नये, आणि तो बोलतो म्हणून निश्चिंतही राहूं नये. त्याची चूक किती, हें शांतपणें मोजून ठेवावें. जी चूक मोजली गेली तिचें भय राहत नाहीं. जी मोजली गेली नाहीं, ती मध्यरात्रीं घाटांत आपली आठवण करून देते.